अकरा पत्त्यांची पेटी

आमच्या गावातल्या अकरा जणांची ई-मेल एका घरातून यायची-जायची, आणि ती पेटी सांभाळायचं काम सात वर्षं माझ्याकडं होतं. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. मी चौथी शिकलेली, सरांच्या घरी पोळ्या करायला लागलेली बाई. म्हणून मी सांगतही नाही. चार माणसांत मला बोलायला जमत नाही, शब्द घशातच राहतात. लिहिताना तसं होत नाही. सरांनी दिलेल्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर हे लिहिते आहे.

सर कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. राहुरीच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला त्यांचं घर. पत्नी वारलेल्या, मुलगा मिलिंद पुण्याला. मी कामाला लागले तेव्हा काचबिंदूनं त्यांना घेरलं होतं. पहिल्या वर्षी ते पडद्याला नाक लावून वाचायचे. पुढं तेही जमेना. एक दिवस मी पोळ्या आटोपून निघाले, तर कोठीच्या खोलीतून हाक आली.

"तुम्हाला वाचता येतं ना? जरा इकडं या. पडद्यावर शेवटच्या ओळीत काय आहे?"

"इंग्रजी आहे सर. मला नाही येत."

"अक्षराचं चित्र तर दिसतं? तसलंच चित्र खालच्या बटणांवर शोधा. कितव्या ओळीत, डावीकडून कितवं, एवढंच सांगा."

मी बोटानं मोजून सांगितलं. वरची ओळ, तिसरं. मग चौथं, परत चौथं, मग नववं, परत चौथं. सर हसले. म्हणाले, "एरर. चूक आहे म्हणतंय." मी वाचलेला पहिला इंग्रजी शब्द हा.

इंग्रजी अक्षरं मी अशी बटणांवर शिकले. त्यामुळं मला अजून ए बी सी डी ओळीनं म्हणता येत नाही. क्यू डब्ल्यू ई आर मात्र झोपेतून उठवलं तरी येतं. पुढं पुढं सर खुर्चीत डोळे मिटून बसायचे, अक्षर अक्षर सांगायचे आणि मी दाबायची. अर्थ त्यांना कळायचा, चूक माझ्या डोळ्यांना दिसायची.

पेटी म्हणजे बुटाच्या खोक्याएवढा एक काळा कॉम्प्युटर. कोठीत, डब्यांच्या फळीखाली ठेवलेला. त्याला इंटरनेटची तार, आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर. आपण मोबाईलवरून मेल पाठवतो ती कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या पोस्टातून जाते. सरांनी ते पोस्टच घरात मांडलं होतं. लोक विचारायचे, फुकट मिळतंय तर हा उपद्व्याप कशाला? सर म्हणायचे, "फुकटच्या पोस्टात पोस्टमास्तर पाकीट उघडून बघतो. आपलं टपाल आपल्या घरात असावं." मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पाकीट बघायचं, पत्र बघायचं नाही. कुणाकडून कुणाला, किती वाजता, एवढंच मी बघत आले. आत काय लिहिलंय ते सात वर्षांत एकदाही उघडलं नाही.

पत्ते सरांनी मागेल त्याला दिले होते. बबनराव हे त्यातलं सगळ्यात नमुनेदार गिऱ्हाईक. म्हशीवाले, तालेवार माणूस. मेल त्यांच्या मोबाईलवर दिसायची, पण त्यांचा मोबाईलवर भरवसा नव्हता. डेअरीला दूध घालून परत जाताना रोज गाडी दारात उभी करायचे.

"ताई, माझं काय आलंय का?"

"तुमच्या मोबाईलवर दिसेल ना, भाऊ."

"त्यात काय बी दिसतंय. तुमी पेटीत बघून सांगा."

मी आत जाऊन बघून यायची. नाही म्हटलं की समाधानानं जायचे.

या बबनरावांमुळं मला आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी भीती कळली. त्यांनी पासवर्ड ठेवला होता बैलाचं नाव, सर्जा. कुणी तरी लांबच्या मुलखातल्या माणसानं तो ताडला आणि आमच्या पेटीतून दिवसभर भलभलत्या औषधांच्या जाहिराती हजारो लोकांना पाठवल्या. सर संतापले. बबनराव ओट्यावर बसून म्हणाले, "माझ्या सर्जाच्या नावानं औषधं इकली व्हय रं त्येनी? आन कसली औषधं?" सरांनी कसली ते माझ्यासमोर सांगितलं नाही.

त्याचा परिणाम वाईट झाला. तो समजायला एक गोष्ट सांगायला हवी. घरगुती इंटरनेटला कंपनी एक नंबर देते. तो आपल्या मालकीचा नसतो. राउटर, म्हणजे तार घरात येते तिथला डबा, बंद करून चालू केला की कधी तोच नंबर राहतो, कधी दुसराच मिळतो. भाड्याच्या खोलीसारखं आहे ते. आधीचा भाडेकरू लबाड असला तर गाव तुमच्याही दाराकडं संशयानं बघतं. जगात काळ्या याद्या ठेवणारे लोक आहेत. ज्या नंबरावरून घाण गेली तो त्या यादीत जातो, आणि मग तिथून निघालेलं चांगलं पत्रसुद्धा समोरच्याच्या कचऱ्याच्या खान्यात पडतं. परत आलं तर बरं, निदान कळतं. कचऱ्यात पडलेलं कुणीच सांगत नाही.

सर राउटर चालू-बंद झाला की पहिलं विचारायचे, "नंबर सोवळा आहे का बघा." याद्या तपासायच्या, मग मोठ्या कंपन्यांकडं सरांचेच तीन पत्ते होते, त्यांवर चाचणीचं पत्र टाकायचं आणि ते नीट खान्यात पडलं का कचऱ्यात, ते बघायचं. ओवळा निघाला तर राउटर बंद, थोडं थांबायचं, दुसरा नंबर घ्यायचा. आणि चांगला मिळाला की त्याला जपायचं. सर म्हणायचे, "नंबराचं नाव व्हायला महिने लागतात. लोणच्यासारखं आहे, मुरू द्यावं लागतं." शेवटचा नंबर आम्ही वर्षभर मुरवला होता.

हे सगळं सरांनी मला वहीत लिहायला लावलं. ते सांगायचे, मी मराठीत लिहायची. मथळे माझे. 'लाईट गेल्यावर', 'वीज कडाडत असताना', 'पेटी गरम झाल्यास', 'कुणी पासवर्ड विसरल्यास'. सोवळ्या नंबराची तपासणी 'लाईट गेल्यावर' या पानावर होती, कारण राउटर बंद पडायचा तो लाईट गेल्यावर आणि इन्व्हर्टरही उतरल्यावरच.

श्रावणात सर गेले. आजार फार नव्हता. दोन दिवस दवाखान्यात होते. मिलिंददादा सगळं उरकून पुण्याला जाताना म्हणाले, "काकू, लोकांची सोय होईपर्यंत पेटी चालू राहू दे. दिवाळीनंतर बघू." किल्ली माझ्याकडं राहिली. मी रोज जायची, केर काढायची, पेटीजवळ बसायची. पोळ्या करायच्या नव्हत्या.

छाया आमच्या आळीतल्या दत्तू टेलरची मुलगी. बारावीच्या फॉर्मच्या वेळी सरांनी तिला पत्ता काढून दिला होता, तोच तिनं पुढं सगळीकडं लावला. नगरला नर्सिंग केलं, चांगल्या मार्कांनी. त्या भाद्रपदात पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखत देऊन आली. दत्तू दिवसभर मशीनवर वाकलेला, बायको काजं-बटणं करणारी, धाकट्या दोन मुली शाळेत. छायाला ती जागा मिळाली की बहिणींचं शिक्षण पुण्यात करायचं, असं तिनं मला सरांच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. निकाल मेलवर येणार होता. येता-जाता विचारायची, "काकू, पेटी चालू आहे ना?" मी म्हणायची, चालू आहे.

मग खंडेनवमी आली.

माझे वडील सुतार. आमच्या घरी खंडेनवमीला करवत, रंधा, वाकस सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचे. हळदकुंकू, झेंडूचं फूल. दसऱ्याला सोनं वाहेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर त्यानं आपल्यासाठी राबायचं, दीड दिवस त्याला विसावा. सर असताना मी पेटीची पूजा करायची, पण चालू पेटीची. वरून फूल ठेवायचं, बस. सर म्हणायचे, "हिला विसाव्याची गरज नाही." मला ते मनातून पटायचं नाही. सर गेल्याचं ते पहिलं वर्ष. त्यांच्या वस्तूला आपण नीट मान द्यावा असं वाटलं. मी पेटी रीतीनं बंद केली, राउटर बंद केला, इन्व्हर्टरसुद्धा. सगळं पुसलं, पाटावर मांडलं, पूजा केली. येणारं टपाल बुडणार नव्हतं, ते मला माहीत होतं. समोरची पोस्टं चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा दार वाजवतात. दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं वाहिली आणि सगळं चालू केलं. हिरवे दिवे लागले. थांबलेलं टपाल भराभर आलं. मला फार बरं वाटलं.

तपासणी मी केली नाही. ती 'लाईट गेल्यावर' करायची होती, आणि लाईट तर गेली नव्हती. मी स्वतः, हातानं, देवाच्या कामासाठी बंद केलं होतं. इतकं साधं होतं ते माझ्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी छाया धावत आली. "काकू, निवड झाली. चार दिवसांत मेलनं होकार कळवायचा होता, मी लगेच कळवलासुद्धा." माझ्या हातावर साखर ठेवली. मी पेटीकडं बघून हात जोडले.

आठव्या दिवशी ती परत आली, तेव्हा चेहरा उतरलेला होता. पुढचं काही कळवलं नाही म्हणून तिनं फोन केला होता. तिकडची बाई म्हणाली की तुमचं उत्तर आलं नाही, जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली.

"मी पाठवलं होतं, काकू. तेवढं पेटीत बघा, गेलं का नाही."

पेटी प्रत्येक पत्राची एक ओळ लिहून ठेवते. शेवटी समोरच्याचं उत्तर असतं. अडीचशे आकडा असला तर समोरच्यानं पत्र घेतलं. छायाच्या ओळीत अडीचशे होता. वेळही तीच, तिनं सांगितलेली.

"आपल्याकडून गेलंय," मी म्हणाले. "त्यांनी घेतलंय."

"नक्की?"

"नोंद आहे."

"म्हणजे खोटं बोलतायत ते."

मी गप्प राहिले. घेतलं म्हणजे वाचलं असं नव्हे, हे मला माहीत होतं. दारावरचा वॉचमन पाकीट घेतो. ते पुढं साहेबाच्या टेबलावर गेलं का कचऱ्याच्या डब्यात, ते आपल्या नोंदीत उमटत नाही. सरांनी शंभरदा सांगितलेलं. पण ती समोर उभी होती, आणि चूक आमच्या पेटीची नाही हे ऐकून मलाच हायसं वाटलं होतं. तिनं ओट्यावरूनच फोन लावला.

"मॅडम, आमच्याकडं नोंद आहे. तुमच्याकडं पोचलंय. कुणाचा वशिला लावला ते तरी सांगा. खोटं कशाला बोलता?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

त्यानंतर दोन दिवसांनी बबनराव आले. त्या दिवशी गाडीवरून उतरले, चपला काढून ओट्यावर बसले.

"ताई, आमच्या मेव्हण्याचा फोन आल्ता. म्हंतो, दाजी, तुमचं टपाल कचऱ्यात पडल्यालं घावलं. आता मी काय कचरा हाय का?"

मी आत गेले. नंबर बघितला. वर्षभर पाठ असलेला नंबर नव्हता, वेगळाच होता. यादीत टाकला आणि लाल अक्षरं आली. ती अक्षरं मी ओळखत होते, वाचायची गरज नव्हती. तीन चाचणीची पत्रं टाकली, तिन्ही कचऱ्यात. दसऱ्यापासून आमच्या गावातून गेलेलं एकेक पत्र कुणाच्या तरी कचऱ्यात पडलं होतं. पूजेच्या नावाखाली मी मुरलेला नंबर सोडून दिला होता आणि कुठल्या तरी लबाडाची खोली भाड्यानं घेतली होती.

"काय झालं वो?" बबनरावांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही भाऊ. आता नीट होईल."

चौथ्या वेळी सोवळा नंबर मिळाला. ते काम तासाभराचं होतं. छायाला सांगायचं काम त्याच दिवशी करायला हवं होतं. मला वीस दिवस लागले.

त्या वीस दिवसांत दत्तू आळीत येईल-जाईल त्याला सांगायचा, हॉस्पिटलवाल्यांनी वशिल्याची पोरगी घेतली, आमच्याकडं पुरावा हाय, सरांच्या पेटीत नोंद हाय. लोक माझ्याकडं बघून मान हलवायचे. मी सांगायचं ठरवून त्यांच्या घरी जायची, दत्तू विचारायचा, "काय काम काढलं, वहिनी?" आणि मी पिशवीतलं कापड पुढं करायची. असे मी तीन ब्लाऊज शिवून घेतले. गरज एकाचीही नव्हती.

तिसरा न्यायला गेले तेव्हा छाया दारात बसून हूक लावत होती. ब्लाऊज हातात घेतला आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, राउटर, नंबर, कचरा. नोंद काय सांगते आणि काय सांगत नाही, तेही. बोलताना मी तिच्याकडं बघितलं नाही, सुईकडं बघत होते.

दत्तूनं मशीनवरचा पाय उचलला. म्हणाला, "आमी बी मशीन बंद ठिवली हुती त्या दिशी. पूजाच केली त्यांनी, दुसरं काय केलं."

"दादा, तुमच्या मशीनमधून लोकांची पत्रं जात नाहीत," छाया वडिलांना म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "जागा गेली ती गेली, काकू. चूक होते. पण मी विचारायला आले तेव्हा तुम्ही नक्की म्हणालात. तुमच्या शब्दावर मी त्या बाईला खोटारडी म्हटलं. नीट विचारलं असतं तर तिनं कचऱ्याचा खाना उघडून बघितला असता. जागा तेव्हा दोनच दिवसांपूर्वी भरली होती."

मी ब्लाऊजची घडी घातली, परत उलगडली.

छायानं माझ्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला आणि माफी मागितली. पलीकडची बाई सुरुवातीला तुटक बोलली, नंतर जरा निवळली. म्हणाली, सध्या जागा नाही. निघाली तर यादीतल्यांना मेल जाते, तुम्हालाही जाईल. छायानं विचारलं, दुसरा मेल पत्ता देऊ का? बाई म्हणाली, फॉर्मवर आहे तोच चालतो, आता बदलता येत नाही. फॉर्मवर आमच्या पेटीचा होता.

फोन ठेवून छाया परत हूक लावायला बसली. मला निघा म्हणाली नाही, बसाही म्हणाली नाही.

महिन्याभरात तिनं मोठ्या कंपनीचा पत्ता घेतला आणि आमचा मोबाईलमधून काढून टाकला. गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दत्तूनं सांगितली नसावी, तरी पसरली. एकेक जण आपला पत्ता हलवून गेला. कुणी भांडलं नाही. येऊन सांगायचे, "आता सर बी न्हाईत, तुमाला कशाला तरास." बबनराव सगळ्यांत शेवटी गेले. त्यांच्या मुलानं त्यांचं सगळं मोबाईलवर करून दिलं, तेव्हापासून सकाळची गाडी दारात थांबत नाही.

मिलिंददादा घर रिकामं करायला आले तेव्हा पेटी भंगाराच्या ढिगात ठेवायला निघाले. मी म्हणाले, "त्यात एक पत्ता आहे अजून."

"कुणाचा?"

"छायाचा."

"ती वापरते?"

"नाही."

मी आयुष्यात त्यांच्याकडं काही मागितलं नव्हतं. ते म्हणाले, "न्या तुम्ही. पत्त्यातल्या नावाचं वर्षाचं भाडं मी पुण्याहून भरत जाईन."

आता पेटी माझ्या घरात आहे. दिरानं टीव्हीसाठी इंटरनेट घेतलंय, त्याच तारेवर. सासूबाई पहिल्या दिवशी खूप वेळ तिच्याकडं बघत बसल्या. "ह्यात चित्र न्हाई, गानं न्हाई. नुसता दिवा. आन ही बया तिच्यापुढं बसती." दीर म्हणतो, वहिनी, पेटीमुळं सिरियल अडकते. खरं तर अडकत नाही.

सकाळी चहा ठेवला की मी नोंद उघडते. जाहिराती येतात. पासवर्ड ताडून बघणाऱ्यांच्या ओळी येतात, शेकड्यानं, कुठल्या कुठल्या देशांतून. रिकाम्या घराचं दार वाजवणारे. छायाच्या नावापुढं मी बोट ठेवून खालपर्यंत बघते. हॉस्पिटलची ओळ अजून आलेली नाही.

छाया आता नगरला एका छोट्या दवाखान्यात आहे. धाकट्या दोघी इथल्याच शाळेत जातात. ती माझ्याशी बोलते, नाही असं नाही. पण पेटीबद्दल ती विचारत नाही आणि मीही सांगत नाही. फोनवर मला नीट बोलता येणार नाही, म्हणून ओळ आली तर समक्षच जायचं ठरवलं आहे. साडेआठची एस.टी. मिळते. दवाखाना स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी एकदा जाऊन, बाहेरूनच बघून आले आहे.